काँक्रीटच्या तड्यांचं गणित पाण्याने कसं सोडवलं?

१९३० च्या दशकात सोव्हिएत संघात व्लादिमिर लुक्यानोव नावाचा एक इंजिनीअर रेल्वेच्या बांधकामांवर काम करत होता. तिथल्या काँक्रीटला तडे जात होते. कारण तापमान असावं, असा त्याचा अंदाज होता. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. त्यामुळे गाभा तापतो, बाहेरचा थर मात्र थंडीत गारठतो, आणि या ओढाताणीत काँक्रीट चिरतं. कोणत्या थरात किती वेळाने किती तापमान असेल, याची समीकरणं मांडता येत होती. ती सोडवायला मात्र आजच्यासारखा संगणक नव्हता.

मग १९३६ मध्ये त्याने एक यंत्र उभं केलं. त्यात काचेच्या उभ्या नळ्या होत्या, त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक नळ्या होत्या आणि पाणी होतं. उभ्या नळीतली पाण्याची पातळी म्हणजे काँक्रीटच्या त्या थरातलं तापमान. नळी जितकी रुंद, तितकी त्या थराची उष्णता साठवण्याची ताकद जास्त. जोडनळी जितकी बारीक, तितका दोन थरांमधला उष्णतेला होणारा अडथळा मोठा. पाणी सोडायचं, पातळ्या कशा चढतात-उतरतात ते कागदावर टिपायचं, की काँक्रीट कसं थंड होईल ते कळायचं.

पाण्याला उष्णतेतलं काय कळतं? काहीच नाही. तरी उत्तर बरोबर येत होतं. ते का येत होतं, हे एकदा नीट उमगलं की अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखांकडे बघण्याची नजर बदलते. माझी बदलली, पण पदवीची चार वर्षं संपल्यावर. ती पहिल्या सहामाहीत बदलायला हवी होती, म्हणून हा लेख.

सुरुवात चार नियमांपासून करू. १८२२ मध्ये फ्रान्समध्ये फूरिये यांनी उष्णतेच्या वहनाचा सिद्धांत ग्रंथरूपात मांडला: तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता वेगाने वाहते. १८२७ मध्ये जर्मनीत ओम यांनी विजेचा नियम मांडला, तोही फूरिये यांची उष्णता समोर ठेवून. तारेतली वीज ही सळईतल्या उष्णतेसारखी वाहत असेल, असं त्यांनी धरलं. १८५५ मध्ये फिक यांनी द्रावणात क्षार कसे पसरतात ते सांगताना याच दोघांचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, डार्सी यांनी दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेले वाळूचे प्रयोग प्रसिद्ध केले: वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपेल, ते दोन टोकांच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. चार माणसं, चार वेगळे पदार्थ आणि वाक्य मात्र एकच: प्रवाह म्हणजे फरक भागिले अडथळा.

आज ही चार वाक्यं चार शाखांत शिकवली जातात. मेकॅनिकलला फूरिये, इलेक्ट्रिकलला ओम, केमिकलला फिक, सिव्हिलला डार्सी. सिव्हिलचा विद्यार्थी पुढे टेर्झागी यांचा मातीच्या दृढीकरणाचा सिद्धांत शिकतो. इमारतीच्या भाराखाली ओल्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू निघून जातं आणि जमीन खचत जाते, त्याचं हे गणित. १९२० च्या दशकातला हा सिद्धांत म्हणजे अक्षरशः फूरिये यांचं समीकरण. तापमानाच्या जागी मातीतल्या पाण्याचा दाब घातलेलं. ‘मला हीट ट्रान्सफर नाही’ असं सुटकेने म्हणणारा सिव्हिलचा मुलगा सॉइल मेकॅनिक्सच्या पेपरात हीट ट्रान्सफरचंच गणित सोडवत असतो. हे त्याला कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अडथळा हा पहिला घटक झाला. प्रणाली सिद्धांत, म्हणजे सिस्टिम थिअरी, म्हणते की असे मोजकेच घटक आहेत आणि बहुतेक यंत्रणा त्यांच्याच जुळणीतून बनतात. दुसरा घटक साठा. पाण्याची टाकी, विजेचा कपॅसिटर, ताणलेली स्प्रिंग, तापलेला तवा. आत काहीतरी जमा होतं आणि जमा होताना उलटा दाब वाढवत जातं. तिसरा घटक जडत्व, आणि तो कळायला विहिरीवर जावं लागेल.

विहिरीवरची मोटार चालू आहे, वर शेतापर्यंत लांब पाइपलाइन आहे आणि अचानक लाइट जाते. मोटार थांबते, पण पाइपातलं टनावारी पाणी वाहत असतं, ते लगेच थांबायला तयार नसतं. थोडं पुढे जातं, मग चढावरून उलटं फिरतं आणि बंद झालेल्या व्हॉल्व्हवर येऊन आदळतं. तो ‘धाड’ आवाज ज्याने ऐकलाय त्याला जडत्वाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. लोखंडी पाइपात सेकंदाला २ मीटर वेगाने वाहणारं पाणी एका क्षणात अडवलं, तर साधारण २० बार दाब उसळतो. म्हणजे २०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा. पाइप फुटतो तो यामुळे.

आता जुन्या स्कूटरच्या मेकॅनिककडे या. इग्निशन कॉइलमधून वीज वाहत असते आणि पॉइंट उघडतो, म्हणजे प्रवाह अचानक तोडला जातो. कॉइलमधला प्रवाहही पाण्यासारखाच हट्टी. तो थांबायला तयार नसतो, म्हणून व्होल्टेज उसळतं. पॉइंटवर ठिणगी पडून तो जळू नये म्हणून मेकॅनिक तिथे छोटासा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, बसवतो. थांबायला नकार देणाऱ्या प्रवाहाला त्याने घटकाभर शिरायला जागा दिलेली असते.

कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात हेच काम एक प्रचंड विहीर करते. शिवसागर जलाशयाचं पाणी काही किलोमीटर लांब बोगद्यातून येतं आणि तिथून खोल उतारावरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे झेपावतं. टर्बाइनचं पाणी अचानक बंद करावं लागलं तर बोगद्यातला लोंढा कुठे जाणार? बोगद्याच्या शेवटी उभ्या खोदलेल्या सर्ज टँकमध्ये तो वर चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो आणि हेलकावे खात शांत होतो. बोटभर कंडेन्सर आणि डोंगरात खोदलेली विहीर यांचं गणित एकच आहे. मी कुणालाही सिस्टिम थिअरी समजावताना इथे हमखास थांबतो, कारण समोरच्या चेहऱ्यावरचा बदल दिसतो.

आणि गंमत पुढे आहे. हा जो धोका, तोच मुद्दाम वापरताही येतो. स्कूटरच्या प्लगवर ठिणगी पाडायची असते, तेव्हा पॉइंट उघडून ती व्होल्टेजची उसळी आपणच घडवून आणतो. पाण्याच्या बाबतीत हेच १७९६ मध्ये फ्रान्सच्या मोंगोल्फिए यांनी केलं. हॉट एअर बलून करणाऱ्या दोन भावांपैकी हे थोरले. त्यांचा हायड्रॉलिक रॅम ओढ्याचं वाहतं पाणी वारंवार अडवतो, दाब उसळवतो आणि त्या दाबाने थोडं पाणी उंचावर चढवतो. वीज नको, डिझेल नको. हायड्रॉलिक रॅम आणि इग्निशन कॉइल ही एकाच कल्पनेची दोन रूपं आहेत. पण एक फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आणि दुसरं ऑटोमोबाइलच्या पुस्तकात, म्हणून त्यांची भेट होत नाही.

अडथळा, साठा आणि जडत्व हे तिन्ही एकत्र आले की झोका तयार होतो. एसटीच्या चाकावरची पाटा स्प्रिंग हा साठा, गाडीचं वजन हे जडत्व, शॉक अॅब्सॉर्बर हा अडथळा. रेडिओतला स्टेशन पकडणारा भाग: कपॅसिटर, कॉइल, रोध. दोन्हींचं समीकरण शब्दशः एक. गाडी खड्ड्यातून गेल्यावर किती वेळा हिंदकळेल आणि रेडिओ शेजारचं स्टेशन किती नीट वगळेल, हे दोन्ही एकाच आकड्यावर ठरतं: साठा आणि जडत्वाच्या तुलनेत अडथळा किती.

१९५९ मध्ये अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक हेन्री पेंटर यांनी या सगळ्याला एक चित्रलिपी दिली, बाँड ग्राफ. त्यांचं आधीचं काम जलविद्युतेतलं होतं, म्हणजे सर्ज टँकच्याच मुलखातलं. त्यांनी पकडलेला धागा असा: बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे शक्ती, दाब गुणिले पाण्याचा प्रवाह म्हणजेही शक्ती. प्रत्येक क्षेत्रात एक ‘रेटा’ आणि एक ‘प्रवाह’ असतो आणि त्यांचा गुणाकार वॉटमध्येच येतो. मग मोटार, पंप आणि पाइपलाइन असं तीन शाखांचं यंत्र एकाच कागदावर, एकाच चिन्हांनी काढता येतं. शक्ती एका शाखेतून दुसरीत जाताना हिशेब तुटत नाही.

इथे एक खाच आहे आणि ती लपवून शिकवू नये. उष्णता या चौकटीत पुरती बसत नाही. तापमान गुणिले उष्णतेचा प्रवाह म्हणजे शक्ती नव्हे, कारण उष्णतेचा प्रवाह स्वतःच वॉटमध्ये मोजतात. दुसरं, उष्णतेत साठा आहे, अडथळा आहे, पण जडत्व नाही. गरम चहा खोलीच्या तापमानाला येतो आणि तिथेच थांबतो. आणखी खाली जाऊन, झोका घेऊन पुन्हा वर येत नाही. लुक्यानोव यांच्या यंत्रातल्या बारीक नळ्यांत पाणी सावकाश वाहायचं, त्यामुळे तिथेही जडत्व नगण्य होतं, म्हणून जमलं. साम्य कुठपर्यंत चालतं हे माहीत असणं हाही या विषयाचाच भाग आहे.

उष्णतेला जडत्व नाही, तर मग बाथरूममध्ये पाणी एकदा चटका देणारं आणि एकदा गार का येतं? कारण तिथे तुम्ही आहात. पाणी गार लागतं, तुम्ही गरम नळ वाढवता. गीझर आणि नळ यांच्यात पाइप आहे, परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही आणखी वाढवता. मग चटका बसतो, तुम्ही एकदम कमी करता. फरक मोजायचा आणि तो कमी होईल अशी कृती करायची, हा फीडबॅक. फीडबॅकमध्ये उशीर मिसळला की झोका. या झोक्याला स्प्रिंगही लागत नाही आणि वजनही लागत नाही.

या एका वाक्याचा इतिहास मोठा आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणारे गव्हर्नर कधी इंजिन स्थिर ठेवत, तर कधी त्याला सतत कमी-जास्त नाचवत. ते का, याचं गणित १८६८ मध्ये मॅक्सवेल यांनी मांडलं, विजेचे सिद्धांत मांडणारे तेच. १९२७ मध्ये हॅरोल्ड ब्लॅक या टेलिफोनच्या इंजिनीअरला कामावर जाताना फेरीबोटीत कल्पना सुचली की अॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला जोडला तर आवाज फाटणार नाही. हातात वर्तमानपत्र होतं, त्याच्याच पानावर त्यांनी ती लिहिली. हे अॅम्प्लिफायर कधीकधी शिट्टी मारू लागत. ते कधी मारतील हे सांगणारी कसोटी १९३२ मध्ये नायक्विस्ट यांनी दिली. इंजिनाचं नाचणं आणि अॅम्प्लिफायरची शिट्टी हा एकच आजार निघाला.

सिव्हिलवाल्यांना वाटेल, हे आपल्यासाठी नाही. १० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्सवरचा मिलेनियम ब्रिज पादचाऱ्यांसाठी उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल किंचित डावी-उजवीकडे हलायचा. तोल सांभाळायला लोक नकळत त्याच लयीत पाय टाकायचे, त्यामुळे तो आणखी हलायचा. हा फीडबॅकच, फक्त उलट्या दिशेचा, फरक वाढवत नेणारा. पुलाला डॅम्पर बसवून २००२ मध्ये तो पुन्हा उघडला. डॅम्पर म्हणजे शेवटी एसटीच्या शॉक अॅब्सॉर्बरचाच थोरला भाऊ.

आणि ही गोष्ट यंत्रांपाशी थांबत नाही. जे फॉरेस्टर हे एमआयटीत तोफा आणि रडार फिरवणाऱ्या यंत्रणांवर काम केलेले विद्युत अभियंते. १९५६ मध्ये ते तिथल्याच व्यवस्थापन विद्यालयात गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात काही वर्षं तीन-चार पाळ्यांत काम चालायचं आणि काही वर्षं निम्म्या कामगारांना घरी पाठवावं लागायचं. सगळे बाजाराला दोष देत होते. फॉरेस्टर यांनी वहीत हिशेब मांडून दाखवलं की भरती आणि साठा यांचे निर्णय घेण्याची कारखान्याची पद्धत आणि त्यातला उशीर एवढ्यानेच असे झोके तयार होऊ शकतात. आपल्याकडे कांद्याचं असंच आहे. भाव चढतो, पुढच्या हंगामात लागवड वाढते, पीक हाती यायला काही महिने जातात, सगळ्यांचा माल एकदम लासलगावला येतो आणि भाव कोसळतो. मग लागवड घटते. पाऊस आणि निर्यातीचे निर्णय वरून धक्के देतात हे खरं, पण एकही धक्का बसला नाही तरी या साखळीत झोका घेण्याची प्रवृत्ती आहे. शेतकरी बेशिस्त आहे म्हणून हे होत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो, बाथरूममधल्या तुमच्यासारखा.

आता कॉलेजात या. दुसऱ्या वर्षाच्या गणितात लाप्लास ट्रान्सफॉर्म येतो. मुलं सूत्रांचा तक्ता पाठ करतात, पेपर सुटतो किंवा केटी लागते. हे कशासाठी, याचं उत्तर कंट्रोल सिस्टिम्समध्ये मिळतं, तेही शाखेला तो विषय असेल तर. उत्तर साधं आहे: बदलाचा वेग मोजणाऱ्या किचकट समीकरणांना हा ट्रान्सफॉर्म शाळेतल्या बीजगणितात आणून सोडतो. आधी टाकी, स्प्रिंग आणि कॉइल एकाच समीकरणात बसलेल्या दिसल्या असत्या, तर या हत्याराची गरज मुलांना आधीच भासली असती.

हे असं का झालं, याला कारण आहे. शाखा निसर्गाने पाडलेल्या नाहीत, नोकऱ्यांनी पाडल्या आहेत. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, तिच्यामागे गिरण्या होत्या. ज्या कामाला माणूस हवा, त्या कामाची शाखा. त्या काळी ते योग्यच होतं. पण आज विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीचं रसायन आहे, मोटार आहे, उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था आहे, ब्रेक आहेत आणि या सगळ्यांना बांधणारा फीडबॅक आहे. ती कोणत्या शाखेची?

वीजजाळ्याचंही तेच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात आलं. त्या दिवसापासून केरळातलं जनित्र आणि पंजाबातलं जनित्र एकाच ५० हर्ट्झच्या लयीत फिरतं. जनित्रांचे जड रोटर म्हणजे वजनं, त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या म्हणजे स्प्रिंगा. एका टोकाला धक्का बसला की हेलकावा दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पवनचक्क्या आणि सोलर वाढतात तसं या जाळ्यातलं फिरतं वजन कमी होतं आणि लय सांभाळणं अवघड होतं. हे कळायला वीज, यंत्र आणि नियंत्रण अशा तिन्ही विषयांत पाय असलेला माणूस लागतो. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल हा शाखांच्या पलीकडचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदव्युत्तर पातळीवरचा. तिथे पोचेपर्यंत मुलगा चार वर्षं एका शाखेच्या भिंतीआड राहून आलेला असतो.

शाखा मोडून टाका, असं माझं म्हणणं नाही. सिस्टिम थिअरी तुम्हाला वेल्डिंग शिकवत नाही. चांगली वाळू कोणती हे सांगत नाही. लुक्यानोव यांचं यंत्र बरोबर उत्तर देऊ शकलं कारण कोणत्या थराला किती रुंद नळी लावायची, हे काँक्रीट ओळखणाऱ्या माणसाने ठरवलं होतं. आकडे शाखेतूनच येतात. सांगाडा एकदा, सुरुवातीला, सगळ्यांना एकत्र बसवून शिकवावा आणि मग ज्याने त्याने आपल्या शाखेत जाऊन त्यावर मांस चढवावं, एवढीच मागणी आहे.

त्याची सुरुवात एका दुपारी, जवळजवळ फुकटात करता येते. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, बुडाशी सलाइनची लांब नळी जोडा, नळीचं दुसरं टोक बुडाच्या पातळीला ठेवा आणि दर मिनिटाला पाण्याची उंची लिहा. दुसऱ्या गटाला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १०० किलोओहमचा रोध आणि ९ व्होल्टची बॅटरी द्या. रोध कपॅसिटरच्या दोन टोकांना जोडायचा, कपॅसिटर भरून घ्यायचा, फक्त बॅटरी काढायची आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज उतरताना बघायचं. १०० सेकंदांत ते साधारण ३.३ वर यायला हवं, पण कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, तेही मुलांना कळू द्या. तिसऱ्या गटाला झाकण लावलेला गरम पाण्याचा पेला आणि थर्मामीटर. खोलीपेक्षा किती अंश जास्त, तेवढं लिहायचं.

तिन्ही गटांचे आकडे सेमीलॉग पेपरवर, म्हणजे उभ्या अक्षावर लॉगरिदमची मोजपट्टी असलेल्या आलेख-कागदावर, मांडले की तीन सरळ रेघा येतात. उतार वेगळा, रूप तेच.

मग चौथ्या गटाला तशीच बाटली द्या, पण नळी न लावता बुडाला नुसतं भोक पाडून, आणि पाचव्या गटाला झाकण नसलेला पेला. त्यांच्या रेघा वाकतील. भोकाची शेवटाकडे खाली झुकेल, उघड्या पेल्याची सुरुवातीला जास्त तिरकी असेल. त्या सरळ करायला सांगू नका. चार शाखांची चार मुलं एका बाकावर बसवा आणि रेघा का वाकल्या ते त्यांना शोधू द्या.